एकतिसावा दिवस

(एकल महिलांच्या एका तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून तुम्ही बसून आहात, दोन भाषणं ऐकून झाली आहेत आणि मागे स्वयंपाकाचा वासही यायला लागलाय. तेव्हा मी फार लांबवणार नाही. मघाशी चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्या, "आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, पण त्याचं काही आलं नाही." मी विचारलं, कधी टाकला? म्हणाल्या, "झाले की, दिवाळीच्या आधी." पोच आहे का? "पोच कुठली, भाऊसाहेबांनी ठेवून घेतला."

आज मी फक्त या 'काही आलं नाही' बद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींची गाडी तिथंच थांबते. अर्ज लिहिण्याचं प्रशिक्षण आपण घेतो, अर्ज देतो आणि मग वाट पाहतो. बाईला वाट पाहायची सवयच असते. नवऱ्याची पाहिली, कोर्टाच्या तारखेची पाहिली, तशी आता कागदाची. हा कायदा मात्र वाट पाहण्यासाठी केलेला नाही. त्यात दिवस मोजून दिलेले आहेत आणि ते आपणच मोजायचे आहेत, दुसरं कोणी मोजत नाही.

एक हकिगत सांगते. जिची आहे ती इथं समोरच बसली आहे. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून घेत नाही.

नवऱ्यानं टाकल्यावर ती भावाकडे राहायला आली. शेतमजुरी करते. जानेवारी २०२३ मध्ये तिनं संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला. तेव्हा महिन्याला हजार रुपये मिळायचे, जुलै २०२३ पासून ते दीड हजार झाले. कागद सगळे जोडले, निदान तिला तसं सांगितलं गेलं. मग फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला "साहेब मीटिंगला गेलेत". दुसरीला "कमिटी बसली नाही". तिसरीला "यादीत नाव येईल, तेव्हा कळेल". अशा नऊ फेऱ्या तिनं केल्या. प्रत्येक फेरीला रोज बुडाला. एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं झालं, ते चांगलंच झालं. बुडालेल्या रोजाला मात्र अर्धं तिकीट नसतं.

वर्ष होत आलं तेव्हा ती आमच्याकडे आली. आम्ही मिळून माहितीचा अर्ज लिहिला. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली नाव असतं तर तेही लागले नसते, पण तिचं नाव भावाच्या रेशनकार्डावर, आणि ते कार्ड त्या यादीत नाही. तीनच गोष्टी विचारल्या. माझा अर्ज आजपर्यंत कोणाकोणाच्या टेबलावर किती दिवस होता? गेल्या वर्षभरात समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, त्यांच्या इतिवृत्ताच्या प्रती द्या. प्रलंबित अर्जांची यादी कारणासह द्या. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांतला हवा असा नियम आहे, तो आम्ही पाळला. ३ जानेवारी २०२४ रोजी अर्ज हातानं दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पोच द्यायला खळखळ झाली. आम्ही चौघीजणी होतो, तिथंच बाकावर बसून राहिलो, तेव्हा शिक्का सापडला.

कायद्यानं तीस दिवस दिलेत. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर २ फेब्रुवारीला लाल गोल केला. तो दिवस गेला, काही आलं नाही. १४ फेब्रुवारीला पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, माहिती एकोणीस पानांची आहे, पानाला दोन रुपयेप्रमाणे अडतीस रुपये भरावेत. पत्रावरची तारीख होती ३१ जानेवारी. वाचून ती म्हणाली, "म्हणजे वेळेतच दिलं की त्यांनी."

मग आम्ही पाकीट पाहिलं. टपालाचा शिक्का होता १२ फेब्रुवारीचा.

पाकीट फेकू नका. माझ्या सगळ्या भाषणातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. पत्रावरची तारीख कार्यालय घालतं, पाकिटावरची टपाल खातं घालतं. पैसे भरा असं कळवलं की ते पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांतून वगळले जातात. म्हणून हे पत्र नेहमी अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या दिवशीचं असतं. आणि मुदत उलटून गेली असेल तर कलम ७ च्या पोटकलम ६ प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. ते अडतीस रुपये मागायचा अधिकारच त्यांना उरला नव्हता.

आम्ही २६ फेब्रुवारीला पहिलं अपील केलं. वीस रुपयांचा स्टॅम्प लावला, सोबत पाकिटाची झेरॉक्स जोडली. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं असतं. सासूची तक्रार सासऱ्याकडे करण्यासारखंच आहे ते. तरी करायचं, कारण त्याशिवाय पुढची पायरी नाही. त्यालाही मुदत आहे, तीस दिवस, आणि कारण लेखी नोंदवून फार तर पंचेचाळीस. सुनावणीची तारीख लागली २८ मार्च. मध्येच लोकसभेची आचारसंहिता लागली आणि "निवडणुकीच्या कामात आहोत" असं सुरू झालं. माहिती द्यायला आचारसंहिता आड येत नाही, कायद्यात असं कुठंही म्हटलेलं नाही. ते आम्ही सांगितलं. २७ मार्चला, सुनावणीच्या आदल्या दिवशी, कार्यालयाचा शिपाई एकोणीस पानं घरी आणून देऊन गेला. फुकट.

त्या पानांत काय होतं? समितीच्या बैठका झाल्या होत्या. या बाईचा अर्ज एकाही बैठकीपुढे गेला नव्हता. अर्जावर फेब्रुवारी २०२३ मध्येच 'त्रुटी' असा शेरा मारलेला होता. तलाठ्याचा एक दाखला जुना होता, नवा हवा होता. तेवढंच. तो दाखला तिनं नंतर दोन दिवसांत आणला. वर्षभरात नऊ वेळा ती त्या टेबलापुढे उभी राहिली, पण दाखला जुना आहे हे वाक्य तिला कोणी ऐकवलं नाही. आणि यादीत 'त्रुटी' या एका शब्दाखाली पडून असलेले तिच्यासारखे आणखी एकोणतीस अर्ज होते. त्यातल्या सतराजणींना आम्ही शोधून काढलं. काही जणी आज इथं आहेत.

तिचं अनुदान जुलै २०२४ मध्ये मंजूर झालं. मागचं काही मिळालं नाही. हिशेब करून बघा. फेब्रुवारी ते जून २०२३, पाच महिने हजारानं. पुढे जून २०२४ पर्यंत बारा महिने दीड हजारानं. तेवीस हजार रुपये. या योजनेत बसायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे सरकार जिला गरीब ठरवतं तिच्या अख्ख्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त पैसे एका शेऱ्यापायी गेले. हे पैसे कोणी खाल्ले नाहीत. त्यामुळे कोणावर गुन्हा नाही, कोणाची चौकशी नाही. उशिराचं हेच वैशिष्ट्य आहे, त्यात चोर सापडत नाही.

कारकुनांना शिव्या घालायला मी उभी नाही. त्या कार्यालयात एका बाईकडे तीन टेबलांचं काम होतं, जागा रिकाम्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती सुद्धा संध्याकाळी घरी जाऊन भाकऱ्या थापते. पण मग मला दुसरी गोष्ट आठवते. जून २०२४ च्या शेवटी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्याला लाखो बायकांच्या खात्यात पैसे जमा व्हायला लागले. दोन महिने सुद्धा लागले नाहीत. तीच राज्ययंत्रणा, तेवढीच माणसं, तेवढ्याच रिकाम्या जागा. त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही, बाईच्या हातात पैसा आला तर वाईट काय? मी एवढंच म्हणते की यंत्रणेला घाई करता येते. कोणासाठी आणि कधी करायची, हे वर ठरतं.

हा कायदा आला कुठून, तेही सांगते. पुष्कळांना वाटतं की तो दिल्लीत शिकलेल्या लोकांनी केला. त्याची सुरुवात राजस्थानात दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या मजुरांपासून झाली आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळायची. का, तर म्हणे तुम्ही काम कमी केलंत. मजूर म्हणाले, हजेरीपट दाखवा. उत्तर मिळालं, ते सरकारी गुपित आहे. रोजगार हमीवर अंगठे उठवलेल्या आपल्या बायकांना हे काही वेगळं सांगायला नको. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून गावोगावी जनसुनवाया घेतल्या. मिळवलेले कागद सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचले. मेलेल्या माणसांच्या नावानं मजुरी उचललेली निघाली, न बांधलेल्या इमारतींची बिलं निघाली.

एप्रिल १९९५ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत घोषणा केली की पंचायतींच्या कामांचे कागद लोकांना मिळतील. संघटनेचे लोक कागद मागायला गेले, तर अधिकारी म्हणाले, आमच्यापर्यंत आदेश आलेला नाही. वर्ष गेलं तरी आदेश आला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ ला ब्यावर गावात धरणं सुरू झालं आणि ते चाळीस दिवस चाललं. म्हणजे माहितीच्या हक्काची पहिली मोठी लढाई एका न आलेल्या कागदासाठीच झाली. त्या काळात सुशीला नावाच्या कमी शिकलेल्या एका कार्यकर्तीला पत्रकारांनी विचारलं होतं, तुम्हाला माहितीचा हक्क कशाला हवा? तिनं सांगितलं ते साधारण असं: मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर आल्यावर मी त्याच्याकडे हिशेब मागते, मग माझ्या नावावर एवढे पैसे खर्च करणाऱ्या सरकारकडे का मागू नये?

आपल्याकडे २००० साली एक कायदा झाला, तो अगदीच लेचापेचा होता. नंतर त्याच्या जागी जरा बरा आला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला वीस वर्षं पूर्ण झाली.

आता या कायद्यात उशिराबद्दल काय आहे ते नीट ऐका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कायदा ते 'उत्तर राहिलं' असं मानत नाही. अर्ज नाकारला असं मानतो. म्हणजे गप्प बसणं हाच नकार, आणि नकारावर अपील करता येतं. तेव्हा एकतिसाव्या दिवशी आपण वाट पाहणाऱ्या राहत नाही, अपील करणाऱ्या होतो. मघाच्या ताईंना मी हेच सांगितलं. "काही आलं नाही" म्हणू नका, "त्यांनी नाकारलं" म्हणा. अपील मात्र तीस दिवसांच्या आत करायचं. आपण ढिलाई केली तर कार्यालय लगेच मुदतीचं बोट दाखवतं, तेव्हा त्यांना दिवस बरोबर मोजता येतात.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आहे, पंचविसाव्या दिवशी "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून परत करायचा नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माहिती कशाला हवी, असं विचारायचा अधिकार त्याला नाही. एखाद्या माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत अठ्ठेचाळीस तासांची आहे. आणि आपल्या राज्यात दप्तर दिरंगाईचाही कायदा आहे, साधारणपणे कोणतीही फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये असं तो म्हणतो. म्हणून आमच्या अर्जातला पहिला प्रश्न 'कोणत्या टेबलावर किती दिवस' असा होता.

यापुढची पायरी राज्य माहिती आयोगाची, आणि कायद्याचं भोक तिथं आहे. दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत आपण करायचं. आयोगानं निकाल किती दिवसांत द्यायचा? कायद्यात लिहिलेलंच नाही. खालच्या दोन पायऱ्यांना दिवस ठरवून दिले आणि वरचीला मोकळं सोडलं. सतर्क नागरिक संघटनेच्या अहवालाप्रमाणे ३० जून २०२४ रोजी देशभरातल्या आयोगांकडे मिळून चार लाखांहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. त्यातली लाखाहून जास्त एकट्या महाराष्ट्रातली होती. आयुक्तांच्या जागा रिकाम्या ठेवल्या की एवढं सहज होतं. जागा वेळेवर भरा, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्येच बजावलं होतं. दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड आहे आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो, पण तो लावायचा अधिकार फक्त आयोगाला. खालच्या माणसाला हे माहीत असतं. आयोगापर्यंत जाईल कोण, आणि गेली तरी नंबर लागेपर्यंत मी इथं असेन का? उशिराचं मूळ तिथं आहे, खालच्या टेबलावर नाही. आपण सभा-मोर्चांत कारकुनाच्या नावानं घोषणा देतो. त्याऐवजी आयोगाला मुदत घाला आणि जागा भरा, अशी मागणी व्हायला हवी.

दुसरीकडून दार बंद व्हायला लागलंय, तेही सांगायला हवं. आम्ही मागितलेली ती प्रलंबित अर्जांची यादी आज मागितली तर मिळेलच असं नाही. वैयक्तिक माहितीबद्दलचा कायद्यातला अपवाद २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं बदलला आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी त्या अपवादातच सार्वजनिक हिताची वाट होती, आता 'वैयक्तिक' म्हटलं की संपलं. बाईची खाजगी माहिती जपायला आपणच इतकी वर्षं भांडलो, पण हे त्यासाठी नाही. तरी कलम ८ चं पोटकलम २ शिल्लक आहे, माहिती देण्यात जनहित मोठं असेल तर ती देता येते. अर्जात ते लिहा. आणि अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कलम ४ प्रमाणे कोणी न मागता जाहीर करायचा असतो, तेही लिहा.

एक शेवटची गोष्ट, ही जरा हळू सांगते. त्या ३ जानेवारीच्या अर्जाला उत्तर यायला १४ फेब्रुवारी उजाडला. पण गावातला एक माणूस आठव्या दिवशीच तिच्या भावाच्या दारात आला होता. "बहिणीला कोण शिकवतंय हे?" म्हणून विचारून गेला. उत्तराला बेचाळीस दिवस लागले, नाव बाहेर फुटायला आठ. भावाचं तोंड उतरलं. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही, ती निघून जायच्या गोष्टी करायला लागली. जिला जायला दुसरं घर नाही तिच्यासाठी हे काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. माहिती मागणाऱ्यांवर याहून मोठी संकटं आली आहेत. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा खून १३ जानेवारी २०१० रोजी झाला, सकाळी फिरायला गेले असताना.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. एकटीच्या नावानं अर्ज करायचा नाही. तोच अर्ज पाचजणी वेगवेगळ्या गावांतून करतात, त्यात एखादी शहरातली असते. मग दारात जायचं तर कोणाकोणाच्या जाणार? द्यायला जाताना दोघी जायचं. हाताला घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचायची. आमच्या केंद्रात एक वही आहे. अर्जाची तारीख, तिसावा दिवस, अपिलाचा शेवटचा दिवस, असे रकाने आखलेत. दर सोमवारी एकजण ती वही उघडून बसते. या वर्षी ते काम समोर बसलेल्या त्याच बाईकडे आहे. तिसरी शिकलेली आहे ती, आकडे चांगले काढते. भाऊ आता अर्ज पोचवायला तिला मोटारसायकलवरून सोडतो.

जेवण झाल्यावर ती मागच्या खोलीत वही घेऊन बसणार आहे. ज्यांनी अर्ज दिलेत त्यांनी पोच घेऊन तिच्याकडे जा. पाकीट असेल तर तेही न्या. पोच नसेल तर निदान कोणत्या वारी दिला होता ते आठवा, बाजाराचा दिवस होता का, घरात काही कार्य होतं का. त्यावरून तारीख निघते.